दद्दा हिरवे दिसू नयेत म्हणून

झाशीच्या सदर बाजारात काळा-पांढरा फोटो मागायला येणारं गिऱ्हाईक बहुधा गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन आलेलं असतं. जिवंतांना रंग लागतो. लग्न, मुंज, शाळेचं ओळखपत्र, छावणीतल्या जवानाचा नव्या वर्दीतला पासपोर्ट फोटो, सगळं रंगीत. कुणी ‘ब्लॅक ॲण्ड व्हाइट’ म्हटलं की मी आधी स्टूल पुढे सरकवतो. तेरहवीला माळ घालायला फोटो हवा असतो, दिवस थोडे असतात, आणि हातात असतो एखाद्या वरातीतल्या ग्रुप फोटोचा कोपरा, रेल्वे वर्कशॉपचा जुना पास, नाहीतर नुसतं आधार कार्ड. आख्ख्या आयुष्यात एकट्याचा असा हा एकच फोटो निघालेला, तोही डोळे ताणून बसवलेला. त्यातून बारा बाय अठराचा चेहरा उभा करायचा. तो भिंतीवर जातो, आणि आपल्याकडे भिंतीवर ट्यूबलाइट असते.

बरुआसागरच्या एका घरासाठी मी असा फोटो करून दिला होता. दुकानाच्या दारात, दुपारच्या उजेडात, तो छान करडा दिसला. काही दिवसांनी त्या आजोबांचा नातू परत आला. भांडायला नव्हता आला, खरोखरच कोड्यात पडला होता. म्हणाला, “भैया, हमाए दद्दा हरे काए हो गए?”

दद्दा नंतर हिरवे झाले नव्हते, पहिल्यापासूनच होते. रंगीत प्रिंटर करडा रंग नुसत्या काळ्या शाईतून काढत नाही. फिक्या भागात काळ्या शाईचे ठिपके सुटेसुटे दिसतात, गालावर तीळ पसरल्यासारखे. म्हणून तो निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शाईचे बारीक थेंब शेजारी शेजारी टाकतो आणि डोळ्याला करड्याचा भास होऊ देतो. उन्हात या तिघांचा तोल बरोबर राहतो. ट्यूबच्या उजेडात सगळ्या रंगांचा प्रकाश सारखा नसतो. हिरव्या पट्ट्यात तो जोर करतो, आणि करड्याचा तोल जातो. साध्या बल्बखाली तोच फोटो तांबूस. त्यात तिन्ही शायांचं आयुष्य वेगवेगळं. एक आधी उडते, उरलेल्या दोघी चेहऱ्याला आपल्याकडे ओढतात. गिऱ्हाइकाला वाटतं फोटो जुना झाला. खरं म्हणजे तो एका बाजूला कलंडलेला असतो.

आमच्या दुकानात आधी हा प्रश्नच नव्हता. बाबांच्या वेळी मागच्या खोलीत डार्करूम होती. ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ ब्रोमाइड कागद, मेटॉल-हायड्रोक्विनोनचा डेव्हलपर, हायपोचा ट्रे, लाल दिवा. फोटोत होती ती चांदी. जास्त साठली तिथे काळं, कमी साठली तिथे करडं, नाही तिथे कागद. एकच पदार्थ, कमी-जास्त. तो फोटो ट्यूबखाली न्या, कंदिलाखाली न्या, चेहऱ्याचा रंग बदलायचं कारणच नाही. पुढे रंगीत रोल आले, लॅब आल्या, मग डिजिटल आलं, आणि मागच्या खोलीत झेरॉक्स मशीन गेलं. कुणी फारसं हळहळलं नाही. बाबाही नाही. मेटॉलनं त्यांच्या बोटांची कातडी सोलली जायची, ती थांबली.

बरुआसागरचा नातू गेल्यावर माझ्या डोक्यात हेच घोळत राहिलं, की इंकजेट प्रिंटरमधूनही ‘एकच पदार्थ, कमी-जास्त’ असा फोटो निघेल का. शोधायला लागल्यावर कळलं की ही वाट मळलेली आहे. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या जॉन कोन यांनी 2000 सालीच एप्सनच्या रंगीत प्रिंटरमध्ये रंगांच्या जागी काळ्या शाईच्या वेगवेगळ्या छटा भरून ‘पिएझोग्राफी’ नावानं हा प्रकार बाजारात आणला. कॅलिफोर्नियातले छायाचित्रकार पॉल रोर्क यांनी निव्वळ कार्बनची शाई घरी पातळ करून वापरायच्या कृती तयार केल्या आणि सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या. रॉय हॅरिंग्टन यांनी ‘क्वाडटोन रिप’ हा प्रोग्राम लिहिला. कुठली शाई कुठे किती पडेल हे त्यानं आपल्या हातात येतं. एप्सननंही 2005 मध्ये तीन काळ्या शायांचा ‘के-थ्री’ संच काढला. पण ते प्रिंटर आणि त्यांची काडतुसं घेऊन तेरहवीचे फोटो करायचे म्हणजे दुकान विकायला काढायचं.

हे सारे एप्सनपाशीच का अडले, त्याचं कारण शाई उडवणाऱ्या हेडमध्ये आहे. दुसऱ्या काही कंपन्यांच्या हेडमध्ये शाई क्षणभर उकळते आणि वाफेच्या बुडबुड्यानं थेंब बाहेर फेकला जातो. त्या उकळीला सोसेल अशीच शाई तिथे चालते. एप्सनच्या हेडमध्ये स्फटिकाची चकती विजेच्या दाबानं वाकते आणि थेंब ढकलते. शाई तापत नाही. त्यामुळे दाटपणा जमला की आपण भरू ती शाई ते हेड बिनतक्रार उडवतं.

लग्नाचे अल्बम करणाऱ्या एका ओळखीच्याकडे सहा शायांचा, तेरा इंच रुंद कागद घेणारा जुना एप्सन पडून होता. बाहेरून टाक्या लावलेला, नळ्यांचं जाळं कडेनं गेलेलं. तो त्याच्या कामाचा उरला नव्हता, कारण रंग जुळत नव्हते. मला रंग नकोच होते. दुकानात आणून ठेवला तेव्हा बाबा खुर्चीतून बघत म्हणाले, “सहा रंगांचं मशीन आणलंस आणि सहाही रंग काढून टाकणार. मग आणलंस कशाला?” मी म्हटलं, “बाबा, सहाही काळे भरणार आहे.” ते काही बोलले नाहीत; चष्मा पुसायला घेतला. आमच्या घरात याचा अर्थ ‘बघू’ असा होतो.

सगळ्यात वेळखाऊ काम निघालं ते धुण्याचं. नळ्यांमधली, डॅम्परमधली, हेडमधली जुनी शाई क्लीनिंग लिक्विडनं पिचकारीनं ओढून काढायची, पुन्हा भरायची, पुन्हा ओढायची. पिवळी लवकर गेली, निळी मागोमाग. किरमिजी मात्र जात नाही. पाणी स्वच्छ आलं असं वाटतं, रात्रभर ठेवलं की सकाळी पुन्हा गुलाबी. थेंबभर गुलाबी राहिली तरी फिक्या करड्यात ती गालावर लाली आणते, म्हणून इथे घाई उपयोगाची नाही. दिल्लीच्या नेहरू प्लेसहून नवे डॅम्पर मागवले, कॅपिंग स्टेशनचा रबर बदलला, वाया जाणारी शाई शोषणाऱ्या पॅडची नळी बाहेर काढून बाटलीत सोडली. ते पॅड भरलं की प्रिंटर हटून बसतो. त्याचा आकडा शून्यावर आणून देणारे कारागीर झाशीतही आहेत, पण बाटलीच बरी.

मग शाई. मूळ दाट शाई एकच, मॅट कागदावर चालणारी, कार्बनच्या बारीक कणांची. एका टाकीत ती जशीच्या तशी. बाकी पाच टाक्यांत तीच पातळ करून: तीस टक्के, अठरा, नऊ, सहा आणि शेवटच्या टाकीत जेमतेम दोन. ती दोन टक्क्यांची शाई बाटलीत गढूळ पाण्यासारखी दिसते, पण कपाळावरचा उजेड आणि पांढऱ्या मिशा तिच्यावर चालतात. पातळ करायला नुसतं पाणी घातलं तर शाई हेडच्या तोंडाशी वाळते, थेंब नीट सुटत नाही. त्यात ग्लिसरीन लागतं, आणि पृष्ठताण कमी करणारं काहीतरी लागतं. ग्लिसरीन मेडिकलवाल्याकडे मिळालं. डिस्टिल्ड वॉटर प्रयोगशाळेच्या सामानवाल्याकडचं घेतलं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं नाही. तिसऱ्या वस्तूसाठी मी याद्या धुंडाळत होतो आणि ती घरातच निघाली. बाबांच्या जुन्या कपाटात कोडॅकच्या ‘फोटो-फ्लो’ची बाटली होती. धुतलेल्या निगेटिव्हवर पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून शेवटच्या पाण्यात याचे चार थेंब टाकत. बाबांनी बाटली हलवून, उजेडात धरून बघितली. “चालेल,” म्हणाले, “पण थेंब मोजून. फेस आला तर गेलं.” तिथून पुढे ते या कामात आले.

शाई भरली म्हणजे प्रिंटर तयार झाला असं नाही. त्याच्या कंपनीच्या ड्रायव्हरला काय माहीत आपण आत काय घातलंय? तो त्वचेचा रंग दिसला की पिवळी टाकी उघडणार, आणि पिवळ्याच्या जागी तर आता करडी. म्हणून त्याला बाजूला सारून क्वाडटोन रिप. त्यात सहाही शायांच्या, पाच-पाच टक्क्यांनी चढत जाणाऱ्या पट्ट्या छापायच्या. प्रत्येक शाई कुठवर गडद होते आणि कुठल्या टप्प्यानंतर नुसती कागद भिजवते ते बघायचं. तिथे तिला अडवायचं. मग एका शाईचा जोर संपत येतो तिथे पुढची दाट शाई हळूच आत शिरेल असा वक्र आखायचा. हा सांधा नीट बसला नाही तर गालावर पायरी दिसते. शेवटी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस घरांची पट्टी छापून, स्कॅनरवर मोजून, अंतरं सारखी करायची.

एकवीस घरांची पट्टी बाबांनी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा खुलला. एन्लार्जरखाली ते हेच करायचे. कागदाचा एक तुकडा, वर पुठ्ठा, दोन-दोन सेकंदांनी पुठ्ठा सरकवत न्यायचा आणि कुठलं घर बरोबर ते डेव्हलपरमधून निघाल्यावर ठरवायचं. त्यांनी विचारलं, “वाळलीय का?” मी म्हटलं, इंकजेट आहे, लगेच वाळतो. ते म्हणाले, “ओला ब्रोमाइड आणि वाळलेला ब्रोमाइड कधी सारखे नव्हते. उद्या बघ.” दुसऱ्या दिवशी मोजलं तर गडद घरांचे आकडे थोडे सरकलेले होते. तेव्हापासून पट्टी रात्रभर तारेवर टांगून मगच मोजायची, हा दुकानाचा नियम.

निव्वळ कार्बनचा काळा हा थंड काळा नसतो. त्याच्यात ऊब असते, आणि शाई जितकी पातळ तितकी ती तपकिरीकडे झुकते. कापसाच्या जाड मॅट कागदावर तर जास्तच. ज्यांना ही छटा नको ते थोडी निळी शाई मिसळतात. रोर्क यांच्या काही कृतींतही ती आहे. मी नाही घेतली. एकदा का दुसरा रंग आत आला की पुन्हा तोल, पुन्हा ट्यूबलाइट, पुन्हा दद्दा. बाबांचं मत वेगळं होतं. ब्रोमाइडचा काळा असा मऊ नव्हता, त्याला धार होती, हा फोटो उन्हात ठेवलेल्या पुस्तकाच्या पानाचा वाटतो, असं ते म्हणत, आणि अजूनही म्हणतात. काळ्याच्या खोलीबाबत ते बरोबर आहेत. मॅट कागदावर चकचकीत ब्रोमाइडइतका काळा उतरत नाही, कितीही वक्र आखा. गिऱ्हाइकांना मात्र ही ऊब आवडते. जुन्या माणसाचा फोटो जुना दिसला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं.

काजळी टिकते हे सांगायला प्रयोगशाळा नको. आमच्यासारख्या, झाशीवर राज्य करणाऱ्या नेवाळकरांच्या काळात इकडे आलेल्या घरांत अजून मोडी कागदांची गाठोडी निघतात. कागद तुटतो, कोपरे कसर खाते, अक्षर काळंच. ती शाई म्हणजे दिव्याची काजळी आणि डिंक. फोटोच्या धंद्यातही काजळी नवी नाही. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान यांनी 1864 मध्ये कार्बन छपाईचं पेटंट घेतलं. चांदीचे फोटो तेव्हा पिवळे पडून उडून जात, त्यावरचा तो इलाज होता. त्यातूनच पुढे लंडनमध्ये ‘ऑटोटाइप’ छपाईचा कारखाना उभा राहिला. लाला दीनदयाळ 1882 मध्ये लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारतात फिरले. इथून जवळच्या ओरछा आणि दतियाच्या महालांचे त्यांनी तेव्हा काढलेले फोटो 1886 मध्ये लंडनहून पुस्तकरूपात निघाले ते ऑटोटाइपमध्येच. म्हणजे बेतवेकाठचे महाल काजळीच्या रंगात छापून दीडशे वर्षं होत आली. सदर बाजारातल्या दुकानात बसून टाकीत कार्बन ओतताना ही सोबत मला बरी वाटते.

उन्हाळ्याचं मात्र काय करायचं? मे-जूनमध्ये झाशीचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, लू सुटते, आणि हेडच्या तोंडाशी शाई वाळून बसते. रंगीत डायची शाई पुन्हा विरघळते. कार्बनचे कण एकदा धरले की धरले. कूलर लावला तर हवेत ओल येते, हेड सुखी, पण कागद त्या ओलीनं वाकतो आणि कडा वर उचलून हेडला घासतात. मग कूलर चालू, कागद डब्यात, आणि लागेल तेवढाच ताव बाहेर. वीज मधेच गेली की हेड आहे तिथे, टोपी न घालता, उघडं राहतं. म्हणून संगणकाला नसला तरी चालेल, पण प्रिंटरला यूपीएस हवा. काम असो नसो, रोज सकाळी सहा शायांचे सहा ठोकळे छापायचे. नेहमीची नोझल-चेकची रेघोटी इथे चालत नाही, कारण दोन टक्क्यांच्या शाईची रेघ पांढऱ्या कागदावर दिसतच नाही. भरलेला ठोकळा असला तर तिरप्या उजेडात आडवी फट तरी कळते. टाक्या हलवायच्या, कारण कण खाली बसतात. शाई थोडीच भरायची. अशा मशीनला सुट्टी नसते. आम्ही गावाला गेलो तर शेजारच्या मोबाइलवाल्याचा पोऱ्या येऊन सहा ठोकळे काढून ठेवतो. तो त्याला ‘प्रिंटर को पानी पिलाना’ म्हणतो.

मशीनपेक्षा जास्त त्रास फ्रेमवाले देतात. मॅट कागदावरचा कार्बन वरवर बसलेला असतो. बोट घासलं की चकाकी येते, ओलं फडकं फिरवलं की गेला. फ्रेमवाल्याची सवय अशी की फोटो हार्डबोर्डवर फेव्हिकॉलनं चिकटवायचा, फडक्यानं दाबून फुगे काढायचे आणि काच थेट वर बसवायची. पावसाळ्यात काच आणि कागद एकमेकांना धरतात. पुढे कधी काच बदलायची वेळ आली की अर्धा चेहरा काचेबरोबर निघतो. आता मी माउंटची पट्टी कापूनच देतो आणि फ्रेमवाल्याला हात धरून सांगतो, “चाचा, काच और फोटो के बीच हवा रहने दीजिए.” ते ऐकतात, पण पट्टीचे पैसे वाया गेले असं त्यांचं ठाम मत आहे.

धंदा म्हणून विचाराल तर हे मशीन स्वतःचा खर्च कसाबसा काढतं. शेजारच्या रंगीत प्रिंटरवर तोच फोटो चटकन आणि स्वस्तात निघतो, आणि निम्मी गिऱ्हाइकं तोच नेतात. हल्ली तर उलटी मागणी आहे. मोबाइलमधल्या ॲपनं आजीला गुलाबी गाल, हिरवी साडी आणि कधीही न घातलेली लिपस्टिक लावून आणतात आणि म्हणतात, असाच छापा. छापतो, रंगीतवर. वाद घालत नाही. पण कुणी मूळ फोटोही आणला असेल तर त्याची एक छोटी काळी-पांढरी प्रत काढून बाजूला ठेवतो आणि दाखवतो. आजीचा मुलगा असेल तर ती घेतो. नातू असेल तर बहुधा रंगीतच.

गेल्या पितृपक्षाच्या आधी एका सभेच्या तयारीतले लोक झाशीच्या राणीचा ‘असली फोटो’ घेऊन आले. सगळ्या देशात फिरणारा तोच फोटो; 1850 मध्ये हॉफमन नावाच्या इंग्रजानं काढला असं खाली लिहिलेलं. झाशीत फोटोचं दुकान चालवणाऱ्याला हा वारंवार छापावा लागतो. मला तो राणीचा वाटत नाही. फोटो काढायची काचेवरच्या ओल्या कोलोडियनची रीत आर्चर यांनी 1851 मध्ये जाहीर केली, मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी निघाली 1854 मध्ये, आणि या फोटोचा थाट, बैठक, मागचा पडदा बराच नंतरच्या स्टुडिओचा आहे. बाबाही भिंगातून बघून हेच म्हणाले. त्या लोकांना तो मोठा आणि टिकाऊ हवा होता, कुणीतरी माझ्या मशीनचं नाव सांगितलं होतं. मी म्हटलं, फोटो छापून देतो, खालची ओळ छापणार नाही. रंगीत प्रिंटरवर असती तर कदाचित छापली असती, चार वर्षांत उडाली असती. इथली उडायची नाही. त्यांच्यातले वयस्कर गृहस्थ थोडा वेळ फोटोकडे बघत बसले आणि म्हणाले, “साल रैन दो भैया, खाली नाम लिख दो.” मी म्हटलं, नाव तुम्ही फ्रेमच्या पट्टीवर पेंटरकडून लिहून घ्या. ते हसले, आणि पेंटरचं दुकान कुठल्या गल्लीत आहे ते विचारून गेले.